गोळी की इंजेक्शन? : स्किझोफ्रेनियातील उपचार-सातत्याचे अर्थशास्त्र

स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारावर परिणामकारक औषध उपलब्ध होऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आज औषधाच्या अभावापेक्षा ते नियमितपणे घेतले जाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. रोजच्या गोळीऐवजी दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत परिणाम टिकवणारे इंजेक्शन हा त्यावरील एक पर्याय मानला जातो. हा पर्याय कितपत गुणकारी आहे, त्याचा खर्च केव्हा परवडतो आणि भारताच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत त्याचे स्थान काय असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आजाराचे स्वरूप व व्याप्ती

'स्किझोफ्रेनिया' ही संज्ञा स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये प्रचारात आणली. मराठीत तिच्यासाठी 'छिन्नमनस्कता' हा शब्द रूढ आहे. या शब्दावरून एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वे वावरतात असा समज होतो. तो चुकीचा आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटणे, विचारांची साखळी तुटणे, पुढे हळूहळू बोलणे, काम व नातेसंबंध यांतून मन काढून घेणे ही या आजाराची प्रमुख लक्षणे होत. आजाराचा आरंभ बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंतच्या काळात होतो. म्हणजे कुटुंबाने शिक्षणावर केलेली गुंतवणूक फळास येण्याच्या नेमक्या वेळी हा आजार घरात शिरतो. रुग्णाची कमाई थांबते आणि त्याची देखभाल करण्यासाठी घरातील आणखी एका व्यक्तीची, बहुधा आईची, बहिणीची किंवा पत्नीची, कमाईही अनेकदा थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सव्वादोन ते अडीच कोटी व्यक्तींना हा आजार आहे. भारतातील मानसिक आजारांच्या भाराविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राज्यवार अभ्यासात २०१७ मध्ये देशात स्किझोफ्रेनियाचे सुमारे ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज मांडण्यात आला. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच 'निम्हान्स'ने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. या प्रकारच्या मनोविकारांत उपचारांची तूट ७५.५ टक्के असल्याचे त्यात आढळले. उपचारांची गरज असलेल्या दर चार व्यक्तींपैकी तिघांपर्यंत ते पोहोचत नव्हते, असा याचा अर्थ होतो. जो चौथा उपचारांपर्यंत पोहोचतो, तोही पुढे टिकतो का, हा या लेखाचा विषय आहे.

औषध सुटण्याची किंमत

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर सुरू झाला आणि मनोरुग्णालयांच्या भिंतींआड आयुष्य कंठणाऱ्या हजारो रुग्णांना घरी परतण्याची वाट मोकळी झाली. ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यावर नियंत्रण ठेवतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाप्रमाणेच येथेही औषध आजार ताब्यात ठेवते, तो समूळ नाहीसा करत नाही. म्हणून बरे वाटू लागल्यानंतरही ते दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

सातत्याचा लाभ किती मोठा आहे, हे २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातून स्पष्ट होते. ६५ चाचण्यांतील सुमारे ६,५०० रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी औषधी गुण नसलेली गोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होते. शंभर रुग्णांमागे ३७ जणांचा आजार केवळ सातत्यामुळे उलटत नाही, असा हा हिशेब आहे. वैद्यकशास्त्रात इतका ठसठशीत फरक क्वचितच दिसतो.

असे असूनही औषधे सुटतात. अमेरिकेतील १,४९३ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, ७४ टक्के रुग्णांनी सुरुवातीला दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत सोडले किंवा त्यांना ते बदलावे लागले. फिनलंडमध्ये औषधविक्रीची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जाते. तेथे प्रथमच रुग्णालयात राहून घरी गेलेल्या २,५८८ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी गेल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत औषधाच्या दुकानातून औषध घेतलेल्यांचे प्रमाण ५८ टक्के होते आणि ते ३० दिवस वा अधिक काळ चालू ठेवणारे जेमतेम ४६ टक्के होते. उत्तम आरोग्यसेवा असलेल्या देशाची ही स्थिती आहे.

औषध सोडण्याच्या कारणांचे दोन गट पाडता येतात. पहिल्या गटात रुग्णाचा निर्णय असतो. आपण आजारी आहोत हे भान हरपणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे. त्यामुळे रुग्णाला औषधाचे प्रयोजनच पटत नाही. अंग ताठरणे, हातपाय थरथरणे, बेचैनी, वजनवाढ, सुस्ती, लैंगिक अडचणी असे दुष्परिणाम ज्याने सोसले आहेत, त्याचा नकार तर पूर्णपणे समजण्याजोगा असतो. दुसऱ्या गटात इच्छा असते, पण अडथळा आडवा येतो. गोळी विसरणे, जिल्हा रुग्णालय दूर असणे, एका फेरीत दिवसाची मजुरी बुडणे, केंद्रात औषधाचा साठा संपणे, लग्न जमवताना गोळ्यांचे पाकीट लपवावे लागणे ही त्याची नेहमीची रूपे आहेत. या दोन गटांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. इंजेक्शनाचे मोल जोखताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

डेपो इंजेक्शन म्हणजे काय?

दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इंजेक्शनाला वैद्यकीय व्यवहारात 'डेपो' म्हणतात. औषधाचा साठा शरीरातच करून ठेवायचा, अशी त्यामागील कल्पना आहे. फ्लुफेनाझिन या औषधाला मेदाम्लाची जोड देऊन तिळाच्या तेलात मिसळलेले इंजेक्शन १९६६ मध्ये प्रथम वापरात आले. त्याची अधिक काळ टिकणारी आवृत्ती त्यानंतर लवकरच आली. स्नायूत खोलवर टोचलेल्या तेलातून हे संयुग सावकाश पाझरते, शरीरातील विकरे मेदाम्ल वेगळे करतात आणि मूळ औषध रक्तात मिसळते. एका मात्रेचा परिणाम दोन ते चार आठवडे टिकतो. हॅलोपेरिडॉल या औषधाचे याच पद्धतीचे इंजेक्शन साधारणपणे महिन्यातून एकदा दिले जाते.

नव्या पिढीतील औषधांचे पहिले असे इंजेक्शन, रिस्पेरिडोन, अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता पावले. ते दोन आठवड्यांनी द्यावे लागते. पॅलिपेरिडोनचे मासिक इंजेक्शन २००९ मध्ये, तीन महिन्यांचे २०१५ मध्ये आणि सहा महिन्यांचे २०२१ मध्ये मान्य झाले. म्हणजे वर्षाला ३६५ वेळा घ्यावयाचा निर्णय २६, १२, ४ आणि अखेर २ वेळांवर आला.

या सोयीला मर्यादाही आहेत. गोळीचा त्रास झाला तर ती दुसऱ्या दिवशी थांबवता येते. टोचलेले औषध परत काढता येत नाही. म्हणून तेच औषध प्रथम गोळीच्या रूपाने देऊन ते रुग्णाला सोसते की नाही हे पाहिले जाते. सूक्ष्मकणांच्या स्वरूपातील रिस्पेरिडोन शीतपेटीत ठेवावे लागते. ओलान्झापिनच्या एका दीर्घकालीन इंजेक्शनानंतर क्वचित प्रसंगी तीव्र गुंगी येऊ शकते, म्हणून रुग्णाला तीन तास देखरेखीखाली ठेवण्याची अट आहे. तेलात मिसळलेल्या जुन्या इंजेक्शनांना मात्र शीतसाखळीची गरज नसते. ग्रामीण भागाचा विचार करताना ही बाब नजरेआड करून चालणार नाही.

पुरावा काय सांगतो?

गोळीच्या तुलनेत इंजेक्शन श्रेष्ठ आहे काय, या प्रश्नावर संशोधकांत बराच काळ मतभेद होते. हा वाद संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे.

संशोधनाच्या तीन पद्धती येथे वापरल्या गेल्या. पहिली यादृच्छिक चाचणी. हिच्यात कोणाला गोळी व कोणाला इंजेक्शन हे चिठ्ठीने ठरते. दुसरी पूर्वोत्तर तुलना. हिच्यात त्याच रुग्णाची इंजेक्शनापूर्वीची व नंतरची स्थिती पडताळली जाते. तिसरी समूह-निरीक्षण; हिच्यात प्रत्यक्ष व्यवहारात गोळी व इंजेक्शन घेणाऱ्यांच्या नोंदींची तुलना होते. २०१३ मध्ये २५ पूर्वोत्तर अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात इंजेक्शनामुळे रुग्णालयात दाखल होण्याची जोखीम निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी, बऱ्याच अंशी त्याच संशोधकांनी २१ यादृच्छिक चाचण्यांचे विश्लेषण केले, तेव्हा आजार उलटण्याच्या बाबतीत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही.

या विसंगतीचे उत्तर पद्धतींच्या स्वभावात आहे. यादृच्छिक चाचणीत सहभागी होणारा रुग्ण मुळातच सहकार्यास तयार असतो. चाचणीत त्याला भेटीची आठवण करून दिली जाते, गोळ्या मोजल्या जातात, विचारपूस होते. त्यामुळे गोळी घेणाऱ्या गटाचे सातत्यही वाढते. ज्या दुखण्यावर उपाय तपासायचा, तेच दुखणे चाचणीच्या दारात अर्धे बरे होते. म्हणून ही पद्धत इंजेक्शनाचा लाभ कमी दाखवण्याकडे झुकते. उलट, पूर्वोत्तर तुलनेत इंजेक्शन सुरू होते ते आजार सर्वांत बळावलेला असताना. त्यानंतर काहीशी सुधारणा एरवीही झालीच असती. संख्याशास्त्रात यालाच 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. ही पद्धत लाभ फुगवते. समूह-निरीक्षणात डॉक्टर वारंवार औषध सोडणाऱ्या, म्हणजे मुळातच अधिक जोखमीच्या, रुग्णाला इंजेक्शन देतात. त्यामुळे तुलनेचे पारडे इंजेक्शनाच्या विरुद्ध झुकलेले असते.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १३७ अभ्यास व सुमारे ३ लाख ९७ हजार रुग्ण समाविष्ट होते. तिन्ही पद्धतींत निष्कर्ष एकाच दिशेचा निघाला. आजार उलटण्याची किंवा रुग्णालयात दाखल होण्याची जोखीम यादृच्छिक चाचण्यांत १२ टक्क्यांनी, समूह-निरीक्षणात ८ टक्क्यांनी आणि पूर्वोत्तर तुलनेत ५६ टक्क्यांनी कमी आढळली. दिशा निश्चित आहे. परिमाणाबद्दल सावध राहणे शहाणपणाचे.

आजाराच्या आरंभीच इंजेक्शन देण्याबाबतचा पुरावाही संमिश्र आहे. अमेरिकेतील ३९ केंद्रांत ४८९ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येक केंद्रासाठी एक पद्धत चिठ्ठीने ठरवली होती. इंजेक्शनाला प्राधान्य देणाऱ्या केंद्रांतील २२ टक्के रुग्णांना दोन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले. नेहमीच्या उपचारांच्या केंद्रांत हे प्रमाण ३६ टक्के होते. याउलट युरोपातील देश व इस्रायलमध्ये झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध सोडण्याच्या प्रमाणात गोळी व इंजेक्शन यांत लक्षणीय फरक दिसला नाही. जे इंजेक्शन घेणे सोडू शकतात, ते सोडतातच. जाणीवपूर्वक नकारावर सुई हा उपाय नव्हे.

चुकलेल्या मात्रेची माहिती

मग इंजेक्शनाचे खरे बळ कशात आहे? अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ते माहितीत आहे.

गोळी चुकली तर ते फक्त रुग्णाला ठाऊक असते. डॉक्टरला ते कळत नाही, पुष्कळदा घरच्यांनाही कळत नाही. महिन्याभराने लक्षणे परतू लागली, की डॉक्टरपुढे पेच पडतो. औषध निरुपयोगी ठरले, की औषध पोटात गेलेच नाही? पहिले गृहीत धरले तर मात्रा वाढते, औषध बदलते, दुष्परिणाम वाढतात आणि गोळी सुटण्याची शक्यता आणखी वाढते. दोन पक्षांपैकी एकाकडेच माहिती असली, की व्यवहार बिघडतो, या सिद्धान्ताचे हे रुग्णशय्येवरील उदाहरण आहे.

इंजेक्शन चुकले तर ते त्याच दिवशी नोंदवहीत दिसते. शिवाय आधीच्या मात्रेचा अंश शरीरात आणखी काही काळ टिकून असल्याने रुग्णापर्यंत पोहोचण्यास अवधी मिळतो. इंजेक्शन देते ते इतकेच : अनुपस्थितीची सूचना आणि काही दिवसांची मुदत. त्या मुदतीत कोणी घरी जाऊन विचारपूस केली, तरच तिचे रूपांतर लाभात होते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जी डेपो केंद्रे उभी राहिली, त्यांचा आधार घरभेटीला जाणारी परिचारिका हाच होता. नोंदवहीतील रिकामा रकाना पाहून कोणीच उठत नसेल, तर इंजेक्शन ही केवळ एक महाग गोळी ठरते.

भारतातील कुटुंबांनी या माहितीच्या अभावावर आपला असा एक उपाय शोधला आहे. रुग्णाच्या नकळत गोळीची पूड जेवणात किंवा चहात मिसळली जाते. त्यामागे क्रौर्य नसते, हतबलता असते. पण एक दिवस रुग्णाला ते कळते. 'माझ्या जेवणात काहीतरी कालवले जाते' हा ज्याचा भ्रम मानला जात होता, तो त्या दिवशी खरा ठरतो. त्यानंतर त्या घरातील विश्वास पुन्हा जोडणे अतिशय कठीण असते. उघडपणे, बोलून, संमतीने दिलेले महिन्याचे एक इंजेक्शन घराला या रोजच्या फसवणुकीतून सोडवू शकते. हा लाभ कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही.

खर्चाचा हिशेब

एक अनिष्ट घटना टाळण्यासाठी किती रुग्णांवर उपचार करावे लागतात, ही संख्या आरोग्य-अर्थशास्त्रात फार उपयुक्त मानली जाते. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या चाचणीत शंभर रुग्णांमागे दाखल होणाऱ्यांच्या संख्येत १४ चा फरक होता. १०० ला १४ ने भागल्यास ७.१, म्हणजे सुमारे ७ ही संख्या मिळते. सात रुग्णांना दोन वर्षे इंजेक्शन दिले, तर त्यांपैकी एक जण रुग्णालयात दाखल होण्यापासून वाचतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. गोळीच्या तुलनेत इंजेक्शनाचा जादा खर्च दरवर्षी १,००० रुपये असेल, तर सात रुग्णांचा दोन वर्षांचा जादा खर्च १४,००० रुपये होईल. तोच जादा खर्च वर्षाला ३०,००० रुपये असेल, तर एक दाखल-प्रसंग टाळण्याची किंमत ४ लाख २० हजार रुपये होईल. पहिल्या स्थितीत रुग्णालयातील काही आठवडे आणि दोन माणसांची बुडालेली मजुरी यांच्यापुढे हा खर्च सहज भरून निघतो; दुसऱ्या स्थितीत तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. परदेशातील चाचणीचे आकडे आपल्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे खरे; परंतु इंजेक्शनाची निवड किमतीवर किती अवलंबून आहे, हे या हिशेबातून दिसते.

या संदर्भात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील ३११ रुग्णांची चाचणी महत्त्वाची आहे. तिच्यात नवे, महाग पॅलिपेरिडोन आणि जुने, स्वस्त हॅलोपेरिडॉल यांच्या दीर्घकालीन इंजेक्शनांची तुलना झाली. उपचार अयशस्वी ठरण्याच्या प्रमाणात दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. नव्याने वजन अधिक वाढले, जुन्याने बेचैनी अधिक झाली. फ्लुफेनाझिनचे जुने डेपो इंजेक्शन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मर्यादित साधनांच्या देशाने जुने औषध केवळ जुने म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. मात्र स्वस्त औषध निवडताना अंग ताठरणे किंवा अनैच्छिक हालचाली यांची नियमित तपासणी हवी. अन्यथा वाचवलेला पैसा रुग्णाच्या शरीराकडून वसूल केला जातो.

फेऱ्यांचा खर्चही विचारात घ्यावा लागतो. गोळ्या जर महिन्याच्या महिन्याला मिळत असतील, तर मासिक इंजेक्शनासाठी वेगळी फेरी पडत नाही. दोन आठवड्यांच्या इंजेक्शनाने फेऱ्या दुप्पट होतात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाने त्या तिसऱ्या हिश्श्यावर येतात. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने औषधाच्या किमतीइतकेच हे गणित निर्णायक असते.

विमा योजनांच्या रचनेतही एक विसंगती आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना प्रत्येक पात्र कुटुंबाला वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. घरी पाठवल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्चही तिच्यात येतो. बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकालीन औषधोपचार मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. परिणामी आजार उलटल्यावर खर्च करण्याची तरतूद आहे, तो उलटू नये म्हणून करावयाचा खर्च कुटुंबाच्या किंवा राज्याच्या औषधसाठ्याच्या भरवशावर आहे.

संमती आणि सक्ती

इंजेक्शनाचा इतिहास निष्कलंक नाही. मनोरुग्णालयांत ते शिक्षेसारखे वापरले गेल्याच्या आठवणी जगभर आहेत, आणि अनेक रुग्णांचा त्याला असलेला विरोध सुईपेक्षा जबरदस्तीला असतो. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळी काढून तिच्या जागी सुई आणली, एवढ्याने सुधारणा होत नाही.

सक्तीने सातत्य वाढते काय, याचेही परीक्षण झाले आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००८ पासून रुग्णाला घरी सोडताना उपचार घेण्याचे कायदेशीर बंधन घालण्याची तरतूद अमलात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे बंधन घातलेल्या आणि अल्पकाळाच्या रजेवर सोडलेल्या, अशा दोन्ही गटांत वर्षभरात पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, ३६ टक्के, निघाले.

भारताच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. २०१८ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम ५ नुसार, पुढे निर्णयक्षमता हरपल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. कलम १४ नुसार तिला आपला प्रतिनिधी नेमता येतो. आजार आटोक्यात असताना रुग्णाने विचारपूर्वक इंजेक्शनाचा पर्याय निवडणे आणि तो या निर्देशपत्रात नोंदवणे, हा सक्ती व दुर्लक्ष यांच्यामधला सन्माननीय मार्ग आहे. कलम १८ शासकीय आरोग्यसंस्थांत, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व स्तरांवर, अत्यावश्यक यादीतील औषधे मनोरुग्णांना सर्वकाळ मोफत देण्याचे बंधन शासनावर घालते. 'सर्वकाळ' हा शब्द येथे कळीचा आहे. साठा संपणे ही कायद्याच्या दृष्टीने उणीव आहे.

भारतासाठी दिशा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला आणि तो आता साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. मनोविकारतज्ज्ञांची संख्या मात्र लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी आहे. प्रत्येक मात्रेसाठी तज्ज्ञाची अट घातली, तर हा उपचार शहरांपुरताच राहील. निदान व औषधाची निवड तज्ज्ञाने करावी आणि ठरलेल्या तारखेचे इंजेक्शन प्रशिक्षित परिचारिकेने गावाजवळच्या केंद्रात द्यावे, ही विभागणी व्यवहार्य आहे.

असे काम आपल्या व्यवस्थेला अपरिचित नाही. लसीकरणात कोणत्या बालकाची मात्रा कधी येते व कोणाची चुकली, याची यादी आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती ठेवतात. २०१७ पासून शासकीय केंद्रांत 'अंतरा' हे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शनही तारखांच्या नोंदीनुसार दिले जाते. हीच शिस्त मनोरुग्णांच्या इंजेक्शनासाठी वापरता येईल. मात्र रुग्णाचे नाव गावभर होणार नाही, ही गोपनीयता राखावी लागेल.

सामुदायिक कार्यकर्त्यांच्या उपयुक्ततेचा भारतीय पुरावाही उपलब्ध आहे. गोवा, महाराष्ट्रातील सातारा आणि तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटी, औषध-सातत्याचे मार्गदर्शन व कुटुंबाचे समुपदेशन यांची जोड दिली असता वर्षभराने लक्षणे व अक्षमता यांत, माफक असली तरी, सुधारणा दिसली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दूरच्या कुटुंबांना सल्ल्यासाठी उपयोगी आहे. परंतु चुकलेल्या मात्रेनंतर दार ठोठावण्याचे काम दूरध्वनी पूर्णपणे करू शकत नाही.

समारोप

गोळी की इंजेक्शन, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. ज्याला गोळी सोसते, तिची आठवण राहते आणि जवळ औषध मिळते, त्याला गोळी पुरेशी आहे. ज्याची गोळी विसरण्यामुळे, अंतरामुळे किंवा घरातल्या रोजच्या तंट्यामुळे सुटते, त्याला इंजेक्शनाची माहिती पहिल्या झटक्यानंतरच मिळायला हवी. तीन वेळा आजार उलटल्यावर अखेरचा इलाज म्हणून नव्हे. ज्याचा नकार दुष्परिणामांतून आला आहे, त्याचे म्हणणे आधी ऐकून औषध बदलावे लागेल.

धोरणाच्या पातळीवर स्वस्त डेपो इंजेक्शनांचा अखंड पुरवठा, बाह्यरुग्ण औषधांना विम्याचे संरक्षण आणि चुकलेल्या तारखेनंतर ठरावीक दिवसांत घरभेट यांचा एकत्रित विचार व्हावा. यांपैकी घरभेटीवर सर्वांत कमी चर्चा होते, आणि इंजेक्शनाचा लाभ पदरात पडणे तिच्यावरच अवलंबून आहे. एखाद्या जिल्ह्याचा मानसिक आरोग्य कार्यक्रम किती चांगला चालतो हे पाहायचे असेल, तर किती इंजेक्शने दिली याच्या जोडीला आणखी एक आकडा विचारावा : या महिन्यात जे आले नाहीत, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी कोणी जाऊन आले?